स्वादुपिंडातली चरबी आणि व्हिपलनंतरची गळती

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे आहेत. पित्तनलिकेच्या मुखाशी गाठ निघाली म्हणून व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचे डोके काढण्याची) सुचवली आहे. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘स्वादुपिंडात चरबी’ असे आहे आणि त्यामुळे ऑपरेशननंतर जोडातून स्वादुपिंडाचा रस गळण्याचा धोका वाढतो, असे सर्जन म्हणतात. पण वडील जाड नाहीत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ आहे. आधी वजन उतरवावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वजनासाठी ऑपरेशन लांबवू नका. घाईघाईने जेवण तोडले की स्नायू झडतात आणि जखम भरायला प्रथिने उरत नाहीत. त्यापेक्षा डाळी, अंडी, दूध वाढवा, रोज चालवा, फुंकणीचा श्वासाचा व्यायाम सुरू करा. तंबाखू असेल तर आजच बंद.

बीएमआयवर विसंबू नका. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये छापून आलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. पोटातली चरबी वजनकाट्यावर कळत नाही. कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंमीच्या पुढे गेली की धोका धरतात.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचे डोके काढून उरलेला भाग बहुधा लहान आतड्याला जोडतात. स्वादुपिंडातली नलिका बरेच दिवस तुंबलेली असेल तर ग्रंथी कडक होते आणि टाका धरते. चरबीची ग्रंथी लोण्यासारखी मऊ असते. टाक्याची गाठ आवळताना दोरा तिला कापत जातो. त्यात नलिका ३ मिमी किंवा त्याहून बारीक असली, की जोड आणखी नाजूक. म्हणून सर्जनना नलिकेची रुंदी जरूर विचारा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे ड्रेनमधल्या (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतल्या) पाण्यातले अमायलेज हे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त आले, तर रस झिरपतो आहे. रुग्ण ठणठणीत असेल तर घाबरू नका. अशा वेळी बहुधा ड्रेन थोडे जास्त दिवस ठेवतात, एवढेच. ताप, वाढलेली नाडी, गढूळ तपकिरी पाणी ही लक्षणे दिसली तर मात्र पुन्हा सीटी, प्रतिजैविके आणि कधी सुई घालून साठलेला रस काढणे, हे करावे लागते.

सर्वांत घातक म्हणजे ड्रेनमध्ये किंवा उलटीत रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच. गळलेला रस जवळची रोहिणी कुरतडतो. पहिला रक्तस्राव बऱ्याचदा थोडाच असतो, आपोआप थांबतोही. पुढचा काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. घरी सोडल्यानंतर असे झाले तर सकाळची वाट न पाहता, सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) होईल अशा रुग्णालयातच न्या.