स्वतः जोडलेला ड्रोन सोडून रेडीमेड कॅमेरा ड्रोन घ्यावा का?

घ्या. तुम्ही लिहिलंय की एफ४५० फ्रेमवर (चार हातांच्या सांगाड्यावर) पिक्सहॉक हा उड्डाण सांभाळणारा बोर्ड लावून ड्रोन बनवलाय, खाली गोप्रो हा छोटा कॅमेरा टांगलाय, घाटातले आणि किल्ल्यांचे व्हिडिओ काढायचेत पण फुटेज थरथरतं आणि बॅटरी दहा मिनिटांत उतरते, तर आता त्यातच अजून पैसे घालू की रेडीमेड घेऊ. मी स्वतः बरीच वर्षं असेच जोडलेले ड्रोन उडवले, नंतर आयातबंदीच्या आधी डीजेआय कंपनीचा मिनी २ हा रेडीमेड ड्रोन घेतला, म्हणून सांगतोय.

उडण्याच्या बाबतीत तुमचा ड्रोन कमी नाहीये. आर्डूपायलट म्हणजे पिक्सहॉकवरचं सॉफ्टवेअर नीट ट्यून केलं, जीपीएस पॉवरच्या वायरींपासून लांब उंच दांडीवर बसवलं की एफ४५० मस्त एका जागी थांबतो. अडतं ते कॅमेऱ्यापाशी. प्रॉप म्हणजे पंखा थोडा जरी अनबॅलन्स असेल तर फ्रेम कंप पावते, गोप्रोचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे अख्खं चित्र जेलीसारखं हलतं. मग आपण रबराचे डॅम्पर बदलतो, प्रॉप बॅलन्स करतो, टू ॲक्सिस गिंबल (कॅमेरा दोन दिशांत स्थिर धरणारा मोटरचा स्टँड) लावतो, गिंबलने वजन वाढलं म्हणून मोठी बॅटरी, मोठ्या बॅटरीने परत वजन, आणि एवढं करून ड्रोन वळवताना आडवा झटका दिसतोच कारण तिसरा ॲक्सिस नाहीये. रेडीमेडमध्ये कॅमेरा, गिंबल, मोटर, व्हिडिओ ट्रान्समिशन हे सगळं एकमेकांसाठीच बनवलेलं असतं. मिनी २ चं वजन २४९ ग्रॅम, थ्री ॲक्सिस गिंबल, सेकंदाला ३० फ्रेमचा फोरके व्हिडिओ, उडण्याची वेळ कंपनी ३१ मिनिटं म्हणते, प्रत्यक्षात वाऱ्यात त्याहून बरीच कमी मिळतात पण तरी तुमच्या दहापेक्षा खूप जास्त. आणि फोनवर ७२०पी स्वच्छ चित्र दिसतं, ५.८ गिगाहर्ट्झच्या ॲनालॉग व्हिडिओतल्या मुंग्या बघत फ्रेम लावायची नाही. हा फरक खूप मोठा आहे खरंच, कारण पहिल्यांदाच तुमचं लक्ष ड्रोनवरून निघून चित्रावर जातं.

आता विकत घेताना काय. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या पार्टना नाही. म्हणजे सुटे भाग आणून जोडणं चालू राहिलं आणि बाहेरचा तयार माल अडला. त्यामुळे बाजारात जो परदेशी ड्रोन दिसेल तो जुना स्टॉक असेल, सेकंडहँड असेल नाहीतर चोरवाटेने आलेला. बिल आणि सिरीयल नंबर मागा, दुकानदार टाळाटाळ करत असेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, पुढे रिपेअरला आणि विकायला दोन्हीकडे अडकाल. भारतात बनलेले २५० ग्रॅमच्या आतले कॅमेरा ड्रोनही आता मिळतात, फक्त घेण्याआधी त्याचं कच्चं फुटेज मागून बघा, जाहिरातीतलं नाही.

वजन का महत्त्वाचं ते पण सांगतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोला व्यावसायिक काम नसेल तरच लागत नाही. तुमचा एफ४५० कॅमेऱ्यासकट मायक्रोमध्ये जातो, त्यामुळे उद्या लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हटलं तर तिथे अडचण. पण २४९ ग्रॅमच्या ड्रोनला प्रॉप गार्ड लावले की तो पण २५० च्या वर जातो हे बरेच जण विसरतात. आणि नॅनो आहे म्हणून कुठेही उडवता येतो असं अजिबात नाही, डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा दरवेळी बघायचा, त्यातल्या रेड झोनमध्ये परवानगीशिवाय नॅनोही चालत नाही. रायगडसारखं पुरातत्त्व खात्याकडचं ठिकाण असेल किंवा हरिश्चंद्रगडासारखं अभयारण्यातलं, तर परवानगी आधी काढा, गडावर जाऊन वाद घालू नका. असे वाद झाले की पुढच्या सगळ्यांनाच बंदी होते.

तुम्हाला घाटात उडवायचंय म्हणून हे नीट वाचा. स्क्रीनवरची उंची टेकऑफच्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नाही. पायथ्याच्या गावातून उडवून डोंगराकडे नेलात तर स्क्रीन १०० मीटर म्हणत असेल आणि खाली झाडांचे शेंडे आलेले असतील. रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतानाची, उंचीही तशीच मोजली जाते, आणि मिनी २ ला समोर सेन्सर नाहीत, तो वाटेतल्या कड्यावर सरळ जाऊन आदळेल, म्हणून ती उंची आजूबाजूचा सगळ्यात उंच भाग बघून जागेवरच सेट करायची. कड्याच्या तोंडाशी वारा खालून वर येतो, कोकणकड्यावर पावसाळ्यात पाणी उलटं उडतं ते उगाच नाही, तिथे २५० ग्रॅमचा ड्रोन पानासारखा उचलला जातो. तुमचा दीड किलोचा एफ४५० तिथे जास्त टिकेल, हे पण खरंय. नेहमी आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे परत येताना वारा मदतीला असतो. आणि पावसात दोन्ही नको.

तोटे म्हणाल तर रिपेअर. एफ४५० चा आर्म तुटला की पुण्यातल्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणून संध्याकाळपर्यंत परत हवेत. रेडीमेडमध्ये गिंबलची बारीक रिबन केबल फाटली की ती बदलायला चांगला हात बसलेला माणूस शोधावा लागतो. शिवाय ॲप, लॉगिन, फर्मवेअर अपडेट. हे सगळं घरी वायफायवर उरकून निघायचं, डोंगरावर नेट नसतं.

सेटिंगचं एकच सांगतो. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमला ठेवा, शटर १/५० सेकंदाच्या आसपास, म्हणजे हालचाल डोळ्याला दिसते तशी मऊ येते. आपल्याकडच्या उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) लागतोच, १६ चा आणि ३२ चा घेऊन ठेवा. आणि यॉचा म्हणजे ड्रोन जागच्या जागी वळण्याचा स्पीड कमी करा, सिने या सावकाश उडण्याच्या मोडमध्येच उडवा.

एफ४५० मात्र विकू नका. त्याचे पैसेही फार येणार नाहीत आणि तुम्ही त्यावर जे शिकलात ते रेडीमेडवर शिकता येत नाही. दरीत जीपीएस गेलं आणि खाली पाणी किंवा अंधार असल्याने खालचा सेन्सरही गोंधळला तर रेडीमेड ड्रोन वाऱ्याबरोबर वाहायला लागतो. फक्त रेडीमेडच उडवलेला माणूस अशा वेळी स्टिक सोडून देतो, कारण सोडली की थांबतो हीच सवय असते. तुम्ही स्टॅबिलाइज मोडवर, म्हणजे ड्रोन सरळ राहतो पण जागा आपल्यालाच धरावी लागते त्या मोडवर, शिकलायत, तुमचा अंगठा आपोआप उलट्या दिशेला जाईल. ती सवय मोडू नये म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी मोकळ्या मैदानात जीपीएस बंद करून एफ४५० उडवत जा. त्याच्या लायपो बॅटऱ्या मात्र फुल चार्ज करून कपाटात ठेवू नका, सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा, आता त्या कमी वापरल्या जातील म्हणून फुगण्याची भीती जास्त आहे.