ॲसिटामाइडचा मेल्टिंग पॉइंट ६९ आला? आधी डेसिकेटर बघा

"अमोनियम ॲसिटेटपासून ॲसिटामाइड केलं, मेल्टिंग पॉइंट ८२ अंश सेल्सियसऐवजी ६९ आला, वर उंदरांचा वास" हे तुमचं वाचलं आणि हसूच आलं. एमएस्सीला असताना कोकणातल्या एका कॉलेजात, भर जुलैत, माझं अगदी हेच झालं होतं.

रिॲक्शन मी सांगत बसत नाही, ती जर्नलमध्ये असतेच. वासाचंही मनावर घेऊ नका. तो अशुद्धीचा असतो, शुद्ध ॲसिटामाइडला जवळपास वास नसतो. मेल्टिंग पॉइंट खाली आला म्हणजे मालात काहीतरी मिसळलेलं आहे, आणि मला नडलं ते पाणी. डिस्टिलेशनमध्ये २१० च्या पुढचा भाग घेतला, गार झाल्यावर पांढरेशुभ्र खडे झाले, आणि मी शहाण्यासारखं ते वॉच ग्लासवर फिल्टर पेपर झाकून रात्रभर 'वाळत' ठेवले. सकाळी वॉच ग्लासमध्ये चिकट पाणी! हा पदार्थ हवेतली ओल पिऊन स्वतःच तिच्यात विरघळतो. पावसाळ्यात उघडं ठेवणं म्हणजे मीठ अंगणात ठेवण्यासारखंच.

बरं, पदार्थ कोरडा ठेवायचं झाकणाचं भांडं, म्हणजे डेसिकेटर, होता. पण आतली ओल शोषणारी सिलिका जेल, जी कोरडी असताना निळी असते, ती गुलाबी पडलेली, म्हणजे तीच ओलीने भरलेली. नवी मागायला स्टोअरमध्ये गेलो तर इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, तीन प्रतींत, त्यावर एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, आणि सर रजेवर. स्टोअरवाल्यांचं उत्तर, "बॅच संपली की या." आठ दिवस गेले आणि माल दोनदा नव्याने बनवावा लागला. शेवटी लॅबमधल्या एका मामांनी सांगितलं, अहो, हीच जेल ओव्हनमध्ये १२० ला दोन तास ठेवा, निळी होईल. झाली! हे स्टोअरला माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण जाऊ दे.

पाणी नसेल तर न बदललेलं अमोनियम ॲसिटेट उरलं असेल. चिमूटभर मालावर सोडियम हायड्रॉक्साइड टाका. थंडच असताना अमोनियाचा वास आला तर क्षार, म्हणजे अमोनियम ॲसिटेट, उरलाय, तापवल्यावरच आला तर अमाइड, म्हणजे आपलं ॲसिटामाइड. माझ्या मते मेल्टिंग पॉइंट घेण्याआधी हे करावंच. मग इथाइल ॲसिटेटमधून पुन्हा स्फटिक करा, आणि मेल्टिंग पॉइंटची केशनळी (काचेची बारीक नळी) भरल्या भरल्या रीडिंग घ्या. गप्पा मारत बसाल तर पुन्हा तेच.

जाता जाता, डिस्टिलेशनमध्ये वाफ गार करायला पाण्याचा कंडेन्सर लावू नका. ॲसिटामाइड ८० च्या खाली नळीतच गोठतं आणि वाट बंद होते, साधी एअर कंडेन्सरची नळी पुरे. हातमोजे घाला, आयएआरसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, याला २बी गटात, म्हणजे कॅन्सरची शक्यता असलेल्यांत, टाकलंय.

मी प्राध्यापक नाही, आता क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलमध्ये) नोकरी करतो. तुमचे गाइड वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका. फक्त जेलचा रंग आजच बघून घ्या.