एका बेभरवशाच्या धंद्यातून दुसऱ्यात?

प्रश्न : मी शेतकरी आहे. ‘आमच्यासारखं आभाळाकडे बघत जगू नकोस, पगाराची नोकरी धर’ असं मुलीला लहानपणापासून सांगत आलो. आता बारावीनंतर तिला चित्रकलाच शिकायची आहे. हा धंदा तर शेतीहून बेभरवशाचा. तिची समजूत कशी काढू?

उत्तर : नमस्कार. तुमची भीती खोटी नाही. पण मुलगी परक्या मुलखात निघाली आहे असं तुम्हाला वाटतंय, ते मला पटत नाही. आधी पदरचं घालायचं, मग वाट पाहायची, आणि शेवटी भाव दुसऱ्याने सांगायचा, हा व्यवहार तिने घरात रोज पाहिलाय. चित्रकाराचंही तेच असतं. चार महिने खपून केलेलं चित्र विकलं जाईल की भिंतीला टेकून राहील, हे त्याला आधी कळत नाही.

फ्रान्सचा मिले हा चित्रकार शेतकऱ्याच्या घरातला, तरुणपणी शेतात राबलेला. संध्याकाळी काम थांबवून शेतातच प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या जोडप्याचं चित्र त्याने थोडक्या पैशांत विकलं. तो १८७५ मध्ये गेला. १८८९ मध्ये तेच चित्र लिलावात ५,५३,००० फ्रँकना गेलं. त्यातला वाटा घरच्यांना मिळावा असा कायदाच तेव्हा नव्हता. फ्रान्सने तो १९२० मध्ये केला. माल पिकवणारा एक आणि नफा मोजणारा भलताच, हे दुखणं तुम्हाला मी काय सांगणार!

म्हणून तिला शिकवण्यासारखं तुमच्याकडे पुष्कळ आहे. मुख्य पीक हाती येईपर्यंत आंतरपीक घर चालवतं, तसं तिला पुस्तकांची चित्रं, मांडणी, शिकवण्या यांतलं काहीतरी लागेल. त्यासाठी ललित कलेबरोबर उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात, छपाई अशा कामांसाठीच्या चित्रकलेच्या, अभ्यासक्रमाचीही चौकशी करा. चांगल्या वर्षातला पैसा वाईट वर्षासाठी बाजूला काढायचा, उधारीवर माल सोडायचा नाही, सगळा माल एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर ठेवायचा नाही, हे कला महाविद्यालयात सहसा शिकवत नाहीत. तिथे शिकून आलेले कितीतरी जण आगाऊ रक्कम मागायला लाजतात. चित्राची मूळ प्रत विकली तरी ते छापण्याचा हक्क वेगळा असतो आणि तो घेणाऱ्याला चित्रकाराकडून वेगळा लिहून घ्यावा लागतो, हेही त्यांना ठेच लागल्यावरच कळतं.

एक फरक मात्र आहे. तुमचं पीक बिघडलं तरी जमीन उरते. तिच्याकडे गहाण ठेवायला काही नसेल. उलट, न विकलेलं चित्र सडत नाही.

नोकरीचा आग्रह तूर्त बाजूला ठेवा. आवड आहे का, हे मी विचारणार नाही, ती असतेच. कोणी सांगितलं नसतानाही तिचा हात रोज चालतो का, हे बघा. वर्षभराची तारीखवार वही असेल तर घेऊन या. कंटाळून अर्धवट टाकलेली पानं फाडू नका म्हणावं, मला आधी तीच पाहायची आहेत. आणि तिच्याबरोबर तुम्हीही या. फी, साहित्य, राहणं असा अभ्यासक्रमाच्या सगळ्या वर्षांचा खर्च तिला स्वतः कागदावर मांडून आणू द्या. बेरीज तुम्ही तपासा.