बाबांनी कधी गोळी घेतली नाही, मग रिपोर्टमधे सगळीकडे ‘आर’ कसं?

प्रश्न: मॅडम, स्ट्रोकमुळे बाबा १२ दिवस व्हेंटिलेटरवर होते. कफाच्या कल्चरमधे (जंतू वाढवून बघायची तपासणी) क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकसकट सगळ्या औषधांपुढे आर (म्हणजे चालणार नाही), फक्त कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे आय (म्हणजे मधलंच), एस (म्हणजे चालेल) कुठेच नाही. बाबा तर साधी तापाची गोळी घ्यायलाही कुरकुरायचे, मग त्यांना अँटिबायोटिकची सवय लागली कशी? आता बरे होऊन घरी आलेत, पण दीड वर्षाचा नातू आहे, म्हणून भीती वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर: सवय बाबांना नाही हो लागत, जंतू निर्ढावतो. आणि हा जंतू बहुतेक आयसीयूतच आधीपासून मुक्कामाला असणार, कुणाच्या तरी हातावरून, सक्शनच्या नळीवरून बाबांपर्यंत आला, घशात ट्यूब असली की खोकून बाहेर काढायची सोयही राहत नाही. म्हणजे गोळ्या खाल्ल्या दुसऱ्यांनी, बिल आलं बाबांना. शिवाय मेरोपेनेम तोडणाऱ्या एन्झाइमची जीन बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असते, डीएनएचा छोटासा गोल तुकडा तो, एक जंतू शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. त्यातल्याच एका एन्झाइमला २००९ मधे नवी दिल्लीचं नाव दिलं तेव्हा आपल्याकडे नावावरूनच जास्त आरडाओरडा झाला, हात धुण्यावरून तेवढा झाला असता तर बरं होतं.

आता तो ‘आय’. बऱ्याच लॅब अमेरिकेतल्या सीएलएसआय या लॅबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची नियमावली वापरतात, त्यात २०२० पासून कोलिस्टिनपुढे एस लिहायची सोयच नाही, आय किंवा आर एवढंच. कारण इंजेक्शनमधून दिलेलं हे औषध फुप्फुसात नीट पोचत नाही. १९५०च्या दशकातलं औषध हे, किडनीला त्रास होतो म्हणून ७०च्या सुमारास मागे पडलेलं, बाकीची हरली म्हणून परत काढलं. आणि आपण काय केलं, तर कोंबड्यांना वाढीसाठी खाद्यातून दिलं! केंद्र सरकारने २०१९ मधे त्यावर बंदी घातली.

नातवाला खुशाल जवळ जाऊ द्या. धडधाकट मुलाला याचा सहसा त्रास होत नाही. फक्त डायपर, लघवीची पिशवी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. हा जंतू आतड्यात कित्येक महिने गप्प बसून राहू शकतो, त्यामुळे ताप किंवा काही त्रास नसताना उगाच कल्चर करून अँटिबायोटिक सुरू करू नका. आणि तो रिपोर्ट फाइलमधे सगळ्यात वर लावा, पुन्हा ॲडमिट करायची वेळ आलीच तर कॅज्युअल्टीतच दाखवा.