एकेका पेशीची तपासणी : प्रयोगशाळेत आणि रुग्णासाठी

प्रश्न : माझ्या भाच्याला रक्ताचा कर्करोग झाला असून परळच्या एका रुग्णालयात उपचार सुरू आहेत. हजारो पेशी एकेक करून तपासण्याचे तंत्र निघाल्याचे वाचले. ते कसे चालते? भाच्याची तशी तपासणी करून घ्यावी का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : पूर्वी नमुन्यातल्या लाखो पेशींचा आरएनए (जनुकांचे संदेश वाहून नेणारा रेणू) एकत्रच मोजला जाई. त्यातून हाती येई ती सरासरी, आणि औषधाला दाद न देणाऱ्या मूठभर पेशी तिच्यात बुडून जात. 2015 साली अमेरिकेतल्या दोन संशोधक गटांनी यावर तेलातल्या सूक्ष्म थेंबांचा उपाय प्रसिद्ध केला. बहुतेक थेंब रिकामेच राहतात. पण ज्यात पेशी शिरते त्यात सहसा एकच असते, आणि तिच्यासोबत डीएनएचे धागे चिकटवलेला एक मणी असतो. प्रत्येक मण्याच्या धाग्यांवर त्याचा स्वतंत्र बारकोड, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा खास क्रम, असतो. थेंबात पेशी फुटली की तिचा संदेशवाहक आरएनए त्या धाग्यांना चिकटतो, आणि पुढे सगळे एकत्र करून सिक्वेन्सिंग (अक्षरक्रमाचे वाचन) केले तरी कोणता संदेश कोणत्या पेशीतला, हे संगणक बारकोडवरून ओळखतो. त्यांपैकी एका गटाने उंदराच्या दृष्टिपटलातल्या 44,808 पेशी अशा वाचून त्यांचे 39 गट पाडले. 2018 साली श्वासनलिकेत आयोनोसाइट ही अत्यंत विरळ पेशी सापडली ती याच मार्गाने. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांत चिकट स्राव साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराशी निगडित जनुक तिच्यात फार सक्रिय असते, हे कळणे मला या तंत्राचे मोठे यश वाटते.

मात्र पेशीतल्या संदेशांपैकी काही भागच पकडला जातो, त्यामुळे एखादे जनुक दिसले नाही म्हणून ते निष्क्रिय आहे असे म्हणता येत नाही. ही तपासणी आजही मुख्यतः संशोधनासाठीच होते, आणि भाच्यासाठी ती वेगळी करून घेण्यात पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला हवी असलेली तपासणी बहुधा आधीच होत असेल. फ्लो सायटोमेट्रीत पेशींवरच्या निवडक प्रथिनांना चमकणारे रंग जोडून त्या लेझरसमोरून एकेक करून, सेकंदाला हजारोंच्या वेगाने नेतात. कर्करोगाचा प्रकार ठरवण्यासाठी आणि उपचारानंतर दहा हजारांत एखादी रोगट पेशी उरली आहे का हे पाहण्यासाठी ती वापरतात. या दुसऱ्या तपासणीला एमआरडी म्हणतात. भाच्याच्या आजारात ती केव्हा करायची आणि निष्कर्षानुसार उपचार बदलतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. अस्थिमज्जेचा (हाडातल्या मगजाचा) नमुना संशोधनासाठी मागितला गेला, तर तो नेहमीच्या तपासणीच्या वेळीच घेणार की त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागणार, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्यावे.