आवाज नसलेलं एक मिनिट

गेल्या वेळी या सदरात परदेशातल्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर भरणाऱ्या लघु मूकपट महोत्सवांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर परभणी, लातूर, नांदेड, बीड, जालना अशी सगळीकडून पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो.

फलाटावर सिनेमा म्हणजे नेमकं काय? आणि मूकच का? आमच्याकडं मेट्रो नाही, मग आम्हाला त्याचा काय उपयोग?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी)

टोरांटोच्या भुयारी रेल्वेच्या फलाटांवर पडदे टांगलेले असतात. एरवी त्यांच्यावर जाहिराती, बातम्या आणि पुढची गाडी किती मिनिटांत येणार ही माहिती दिसते. २००७ साली तिथे एक महोत्सव सुरू झाला. नियम साधा होता: चित्रपट एका मिनिटाचा हवा आणि त्याला आवाज नको. सप्टेंबरात दिवसभर या जाहिराती-बातम्यांच्या मधेमधे ते दाखवले जायचे. तिकीट नाही, खुर्ची नाही, कामावर निघालेला माणूसच प्रेक्षक. बर्लिनमध्येही भुयारी रेल्वेच्या डब्यांतल्या पडद्यांवर असेच मूकपट दाखवून प्रवाशांची मतं घेतली गेली.

मूक असण्याचं कारण फलाटावर उभं राहिलं की कळतं. गाडीचा खडखडाट, घोषणा, माणसांची बोलणी यांत चित्रपटाचा आवाज घातला तर घोषणा ऐकू येणार नाही आणि चित्रपटही नाही.

मेट्रोचं म्हणशील तर फलाट आणि सिनेमा यांचं नातं आपल्याकडच्या मेट्रोहून जुनं आहे. सिनेमाचे जनक मानले जाणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी आगगाडी स्टेशनात शिरतानाचं दृश्य फलाटावर कॅमेरा ठेवून टिपलं. लांबी साधारण ५० सेकंद, कारण त्यांच्या यंत्रात सुमारे १७ मीटर फीतच बसायची. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा भारतातला पहिला खेळ झाला, त्यातही गाडी येतानाचं दृश्य होतं. म्हणजे आपल्या देशात सिनेमा आला तोच मिनिटाच्या आत संपणारा आणि मुका. परभणी जंक्शनवर मनमाडकडची गाडी येते, परळीकडची येते, आणि तासन्‌तास वाट पाहणारी माणसं असतात. असा चित्रपट करायला एवढं पुरेसं आहे.

माझी शॉर्टफिल्म चार मिनिटांची आहे. गावाकडची आई आणि लातुरात शिकवणीसाठी राहिलेली मुलगी यांचं फोनवरचं बोलणं. आवाज काढून ती एका मिनिटात बसवता येईल का?
(लातूर)

नाही. आवाज काढलात तर फोन कानाला लावलेल्या दोन बायका उरतील. कापाकापी करून हे होणार नाही, गोष्ट नव्याने रचावी लागेल.

तुमच्या पत्रात चार वेळा एक वाक्य आलं आहे: आई विचारते, "जेवलीस का?" तुमचा चित्रपट तिथे आहे. आता विचार करा, आईला हे न बोलता कसं विचारता येईल आणि मुलीला न बोलता उत्तर कसं देता येईल? लातूरच्या स्टँडवर याचं उत्तर कित्येक वर्षं उतरत आलं आहे. खेड्यातून एसटीने येणारे डबे! नाव लिहिलेली पिशवी, आत भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत.

आता मांडणी बघा. आई परत आलेला डबा उघडते: भाकरी तशीच. दुसऱ्या दिवशी ती जास्त मायेने डबा भरते, कडेला गुळाचा खडा ठेवते. परत आलेल्या डब्यात गूळ नाही, भाकरी मात्र तशीच. तिसऱ्या दिवशी भाकरी अर्धी. चौथ्या दिवशी डबा हलका लागतो, ती उघडते: रिकामा, आणि घासून लख्ख केलेला. मुलीचा चेहरा एकदाही दाखवू नका. हे सगळं सहासात शॉटमध्ये होतं. पहिल्या तीन डब्यांना प्रत्येकी आठदहा सेकंद द्या, शेवटचा डबा उघडायच्या आधी आईचा हात झाकणावर पुरते पाच सेकंद थांबू द्या. त्या पाच सेकंदांत फलाटावरचा माणूसही थांबेल.

डबा उघडण्याचा कोन चारही वेळा एकच ठेवा. तीच चौकट पुन्हा आली की काय बदललं ते डोळ्याला आपोआप सापडतं. ही युक्ती आपल्या मातीत फार जुनी आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, कथा रंगवली आहे. राजपुत्र विश्वंतर एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, मध्ये एखादा खांब, एखादं दार, की प्रसंग बदलला. शब्द सांगणारं कोणी नसलं तरी तो दान देत चालला आहे हे चित्रातून कळतं. लातूरहून अजिंठा लांब आहे हे मान्य, पण संकलन शिकणाऱ्याने एक दिवस त्या भिंतीपुढे काढावाच.

संवाद नसतील तर खाली ओळी लिहाव्यात का? जुन्या मूकपटांत पाट्या असायच्या ना?
(शिक्षिका, नांदेड)

असायच्या. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं उरली आहेत त्यांत हिंदी आणि इंग्रजी पाट्या दिसतात. पण ज्याला आपण मूकपट म्हणतो तो त्या काळी क्वचितच मुका दाखवला जायचा. पडद्याजवळ पेटी-तबला वाजायचा, अक्षरओळख नसलेल्यांसाठी कोणीतरी पाट्या मोठ्याने वाचायचं. फलाटावरच्या चित्रपटाला यातलं काही नाही. तो मूकपटांहूनही मुका आहे.

ताई, तुमच्याच स्टेशनाचं बघा. हुजूर साहिबला पंजाबातून आलेले यात्रेकरू, तेलंगणाकडे निघालेले मजूर, दखनी बोलणारे, मराठी बोलणारे. पाटी कोणत्या भाषेत लिहिणार? पाटी नसली की सगळे सारखे. अगदी लागलंच तर जगातली अक्षरं वापरा: गाडीची पाटी, दुकानाची उधारीची वही, औषधाची चिठ्ठी. तीही अशी, की वाचता न येणाऱ्याचं काही अडू नये.

पार्श्वसंगीताशिवाय भाव कसा येणार?
(हिंगोली)

संकलन करताना सुरुवातीपासून आवाज बंद ठेवा. गाणं लावून कापलेली दृश्यं गाण्याच्या आधाराने उभी असतात, गाणं काढलं की बसतात. संगीताच्या हक्कांची कटकटही उरत नाही.

मोबाईलवर शूट करतोय. आडवं की उभं? काय काळजी घेऊ?
(बीड)

ज्या पडद्यावर दाखवणार तो कसा टांगलाय ते आधी बघ, बहुतेक ठिकाणी आडवा असतो. चेहरे जवळून घे, पार्श्वभूमी साधी ठेव, कॅमेरा भराभर फिरवू नको. आणि एक चाचणी कर. ४२ इंची टीव्ही साधारण ९३ सेंटिमीटर रुंद असतो. १२ मीटरवरून तो जेवढा दिसतो, तेवढाच तुझा आडवा फोन दोन मीटरवरून दिसतो. तेव्हा फोन कट्ट्यावर आडवा टेकवून ठेव, तीन पावलं मागं जा, भर उन्हात जा. गोष्ट कळली तर काम झालं. नाही कळली तर पुन्हा शूट कर, वाईट वाटून घेऊ नको. बीडला २०२५ च्या सप्टेंबरात रेल्वे पोचली. एवढ्या वर्षांच्या वाट पाहण्यावर एका मिनिटाचा चित्रपट तू नाही करणार तर कोण करणार?

आमच्या गटाला असा महोत्सव स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर भरवायचा आहे. कुठून सुरुवात करू?
(जालना)

स्टेशनवरून नको, स्टँडवरून करा. जालना स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं. तिथे दाखवायला तर सोडाच, चित्रीकरणालाही रेल्वेची परवानगी लागते आणि पडदे बहुधा जाहिरातदाराकडे असतात. स्टँडवर आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्या, सगळे चित्रपट त्यांना आधी दाखवा, मग एक दुपार मागा.

आम्ही मित्रांनी काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या स्टँडवर भाड्याचा टीव्ही लावून हे केलं होतं. तीन चुका झाल्या. पश्चिमेकडे तोंड करून टीव्ही लावला, तीन वाजल्यापासून काचेत ऊनच दिसत राहिलं. दुसरी: एका चित्रपटात लालपरी समोरून येते असा शॉट होता. एक आजी गाठोडं उचलून निघाल्या, त्यांना वाटलं गाडी लागली. मी धावत जाऊन त्यांना परत बसवलं. तेव्हापासून येणारी गाडी, खोटी घोषणा, वेळापत्रकासारखी अक्षरं असलेला चित्रपट मी निवडत नाही. तिसरी चूक मला अजून टोचते. एका चांगल्या चित्रपटात अपघात होता. बाकावरचं चारेक वर्षांचं पोर रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन उन्हात जाऊन उभी राहिली. थिएटरात माणूस ठरवून येतो, आवडलं नाही तर उठतो. स्टँडवर त्याला गाडीसाठी थांबावंच लागतं. त्याच्या त्या नाइलाजाचा मान राखून निवड करा.

माझा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे, चौदा वर्षांचा. त्याला फिल्मचा फार नाद आहे. अशा महोत्सवासाठी तो फिल्म करू शकेल का?
(एक आई, धाराशिव)

करू शकेल, आणि त्याला कोणी सवलत द्यायची गरज नाही. बाकीच्यांना आवाज विसरायला महिने लागतात. तो पहिल्या दिवसापासून चित्रात विचार करतो.

त्याला एकच काम सांगा. स्टेशनवर घेऊन जा आणि विचारा, गाडी येतेय हे त्याला कशावरून कळतं? आपण भोंगा ऐकतो आणि बाकी काही बघत नाही. त्याला कदाचित हमाल आधी उठताना दिसत असेल, भेळवाला टोपली डोक्यावर घेताना, झोपलेल्या बाळाला आई खांद्यावर टाकताना, पायाखालचा फलाट थरथरताना आणि चहाच्या कपात त्याची वर्तुळं उठताना. हे सगळं त्याला क्रमाने लिहून किंवा काढून घ्यायला सांगा. मग स्टेशन सोडा, घरी या, आणि कपातल्या वर्तुळांचा शॉट स्वयंपाकघरातल्या टेबलावर घ्या. गाडी दाखवायची नाही. झाला की मला पाठवा, मी वाट बघतोय.