प्रतिवर्ती, प्रतिक्षिप्त की प्रतिक्षेप?

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंना अंथरुणातून उठलं की ‘चक्कर येतो’. रक्तदाब सांभाळणारा रिफ्लेक्स, म्हणजे शरीराची आपोआप घडणारी प्रतिक्रिया, मंदावलाय, असं डॉक्टर म्हणाले. मुलाच्या हिंदी पुस्तकात रिफ्लेक्सला ‘प्रतिवर्ती क्रिया’ म्हटलंय, तर पुण्याच्या भाचीच्या पुस्तकात ‘प्रतिक्षिप्त क्रिया’. घरी मराठीत काय म्हणावं?

मराठीत ‘प्रतिक्षिप्त क्रिया’च. पण ‘प्रतिक्षिप्त’ हे विशेषण आहे, त्यामुळे ‘त्यांचं प्रतिक्षिप्त मंदावलं’ असं म्हणता येणार नाही. सुटं नाम हवं असेल तर ‘प्रतिक्षेप’ घ्या. ‘त्यांचा रक्तदाब-प्रतिक्षेप मंदावलाय’ हे वाक्य मला तरी खटकत नाही.

मात्र ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तिथे हा धातू शोभतो. रक्तदाबाच्या बाबतीत आलेला निरोप तसाच परत फेकला जात नाही; मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात तो चक्क उलटा होतो.

मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीत ताण ओळखणारे चेतातंतू (नसांचे धागे) असतात. दाब वाढला की ते जास्त संदेश धाडतात. हे संदेश नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क-चेतांमधून मस्तिष्कपुच्छात, म्हणजे त्या स्तंभाच्या खालच्या भागात, पोचतात आणि तिथे ग्लुटामेट हे रसायन सुटतं. ग्लुटामेट उत्तेजक, म्हणजे पुढच्या पेशींना जागं करणारं. पण त्या साखळीत पुढे ज्या पेशी जाग्या होतात, त्या ‘गाबा’ नावाचं दुसरं रसायन सोडतात, आणि गाबाचं काम गप्प करण्याचं. गप्प कोणाला करायचं? रक्तवाहिन्या आवळून धरायला सतत हुकूम सोडणाऱ्या पेशींना. त्या थंडावल्या की वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. त्याच वेळी व्हेगस, म्हणजे तीच दहावी चेता, हृदयापाशी असिटिलकोलिन सोडून ठोके मंद करते. (शास्त्रज्ञ ऑटो लोवींनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर हे रसायन पकडलं आणि त्याला ‘व्हेगसस्टॉफ’, म्हणजे व्हेगसचा पदार्थ, असं सरळसोट नाव देऊन टाकलं. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्या आपल्या मंडळींनी हा धडा जरूर घ्यावा.)

सासूबाई उठतात तेव्हा हेच सगळं उलट व्हायला हवं. अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे-पायांकडे उतरतं, मानेकडून येणारे संदेश रोडावतात, गाबाचा वचक सुटतो, वाहिन्या आवळतात आणि व्हेगसही हात आखडता घेते. व्हेगसचा परिणाम एखाद-दुसऱ्या ठोक्यात दिसतो. वाहिन्या आवळायला मात्र काही सेकंद लागतात. वय वाढलं की या प्रतिक्षेपाची धार बोथट होते, आणि तोवर मेंदूला रक्त कमी पडतं.

खरं सांगायचं तर इथे हिंदीतला ‘वर्त’, म्हणजे वळणं, जास्त चपखल आहे. पण रुळलेला शब्द उखडावा इतका नाही.

हिंदी पुस्तकावरून घरी समजावताना दोन शब्द जपून वापरा. हिंदीत ‘स्नायु तंत्र’ म्हणजे चेतासंस्था, आपला ‘स्नायू’ मात्र दंडातला. आणि हिंदीतली ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू. आपली ‘पेशी’ तिकडे ‘कोशिका’ होते. ‘स्नायु की कमज़ोरी’चं ‘स्नायूंची कमजोरी’ केलंत, तर सासूबाई गुडघ्यांना तेल चोळत बसतील!

राहिला ‘चक्कर’. हिंदीत तो येतो, मराठीत ती येते. इंदूरच्या बोलीत तिचा पुरुष झालाय, त्याला माझी हरकत नाही. पण सासूबाईंना नेमकं काय होतं ते विचारा. घर गरगर फिरतं की डोळ्यांपुढे काळोख दाटतो? पहिली ‘घेरी’, दुसरी ‘अंधारी’. उठताना दाब पडला की सहसा अंधारी येते. घेरीमागे बऱ्याचदा कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डॉक्टरांना हिंदीत सांगताना दोन्हींचं ‘चक्कर’ करू नका. ‘आँखों के आगे अँधेरा छाता है’ असंच सांगा. मग ते आडवं झोपवून आणि उभं करून तीन मिनिटांच्या आत दाब मोजतील. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर ती अंधारी उठताना दाब पडण्याच्या खात्यात जमा.